‘फ्थोरा’चा अर्थ प्रत्येक वचनात कसा ठरवावा

पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या ८:२१ या वचनावर बोलताना ‘सृष्टी भ्रष्टाचाराच्या दास्यात आहे’ असे म्हणून थेट लाचलुचपतीकडे वळणारी प्रवचने अजून कानावर पडतात. चूक कुठे होते ते ठरलेले आहे. इंग्रजी बायबलात ‘करप्शन’ दिसते, त्याला वर्तमानपत्रातला ‘भ्रष्टाचार’ हा शब्द चिकटतो, आणि मग पौलाने न मांडलेला मुद्दा त्याच्या नावावर खपवला जातो.

मूळ ग्रीक शब्द आहे फ्थोरा. बोलताना ‘फ्’ आणि ‘थ’ दोन्ही ऐकू यावेत, जोर शेवटच्या ‘रा’वर द्यावा. धडधाकट वस्तूची वीण सुटत जाऊन ती होती तशी न उरणे, हा या शब्दाचा गाभा. देह कुजतो, अन्न खाऊन संपते, माणूस आतून बिघडतो, जनावर कापले जाते. नव्या करारात या चारही गोष्टींना हा एकच शब्द लागला आहे. म्हणूनच एक अर्थ पाठ करून तो सगळीकडे लावता येत नाही. वचनागणिक अर्थ ठरवावा लागतो, आणि त्याला एक क्रम आहे. क्रम मोडला की निष्कर्ष चुकतो.

## तयारी

चार गोष्टी हाताशी ठेवा.

१. पवित्र शास्त्राची किमान दोन मराठी भाषांतरे. एकच असेल तर भाषांतरकाराने निवडलेला शब्द हाच मूळ अर्थ वाटू लागतो.
२. नव्या कराराची इंटरलिनिअर प्रत, म्हणजे ग्रीक ओळीखाली शब्दशः अर्थ दिलेली, आणि तिच्यात स्ट्राँग क्रमांक, म्हणजे मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला दिलेले ठरावीक क्रमांक, हवेत. ग्रीक लिपी वाचता येत नसेल तरी क्रमांकांवर काम भागते.
३. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुअजिंट. निदान स्तोत्रे, उत्पत्ती, निर्गम आणि यशया तरी.
४. वहीचे एक आडवे पान. त्यावर पाच रकाने आखा: संदर्भ, ग्रीक शब्द, नासते ते काय, विरुद्ध बाजूला काय, आणि मराठी शब्द.

पाचवा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवा. बहुतेकांचे काम इथेच बिघडते. मराठी शब्द आधी सुचतो, तो लिहिला जातो, आणि पुढचा अभ्यास त्या शब्दाची वकिली करण्यात जातो.

सावधान: मोबाइलवरच्या भाषांतर ॲपमध्ये हे शब्द घालू नका. ॲप आजची ग्रीक भाषा सांगते. आजच्या ग्रीकमध्ये ‘फ्थोरा’ म्हणजे वापराने होणारी झीज आणि ‘दियाफ्थोरा’ म्हणजे चक्क सरकारी भ्रष्टाचार. पहिल्या शतकातल्या प्रेषितांच्या कृत्यांत दियाफ्थोरा म्हणजे थडग्यात देहाचे कुजणे. शब्द तोच, पण मधल्या जवळजवळ दोन हजार वर्षांत त्याचा अर्थ सरकला आहे.

## पायरी १: समोरचा शब्द खरोखर याच कुळातला आहे का?

मराठीत ‘नाश’ दिसला म्हणजे खाली फ्थोरा असेलच असे नाही. आधी क्रमांक पाहा. कुळातले मुख्य सदस्य हे:

- ५३५६ फ्थोरा: नाम. नव्या करारात ९ वेळा.
- १३१२ दियाफ्थोरा: नाम. ६ वेळा, सगळे प्रेषितांची कृत्ये २ आणि १३ या अध्यायांत.
- ५३५१ फ्थेइरो आणि १३११ दियाफ्थेइरो: क्रियापदे. नासवणे, बिघडवणे.
- ५३४९ फ्थार्तोस: नासणारा.
- ८६२ आफ्थार्तोस: न नासणारा.
- ८६१ आफ्थार्सिया: न नासण्याची स्थिती.

आता कुळाबाहेरचे. आपोलेइया (६८४) म्हणजे हरवणे, वाया जाणे, सर्वनाश. मत्तय ७:१३ मधला रुंद रस्ता जातो तो आपोलेइयाकडे. ओलेथ्रोस (३६३९) हा १ थेस्सलनीकाकरांस ५:३ मध्ये गर्भवतीच्या कळांसारखा अचानक येणारा नाश. मराठीत या दोन्हींना ‘नाश’ म्हटले जाते आणि गलतीकरांस ६:८ मधल्या फ्थोरालाही तोच शब्द मिळतो. ग्रीक वाचकाला तीन वेगळे शब्द ऐकू येतात, मराठी वाचकाला एकच. म्हणून मराठी शब्दसूचीत ‘नाश’ शोधून वचने गोळा करणे हा या अभ्यासाचा चुकीचा दरवाजा आहे.

मत्तय ७:१७ मधले ‘वाईट झाड’ हेही बाहेरचेच. तिथे साप्रोस (४५५०) आहे, म्हणजे सडके, टाकाऊ. इफिसकरांस ४:२९ मध्ये तोंडातून निघू नये असे सांगितलेले भाषणही साप्रोस. याच पत्रात सात वचने आधी, ४:२२ मध्ये, ‘जुना मनुष्य’ बिघडत चालला आहे असे म्हटले आहे, तिथे मात्र फ्थेइरो आहे. इतके जवळ असल्यामुळे हे दोन्ही शब्द हमखास एकमेकांत मिसळले जातात.

तपासा: पानावरच्या प्रत्येक नोंदीपुढे क्रमांक लिहिला का? क्रमांक नसलेली नोंद पुढच्या पायरीवर नेऊ नका.

## पायरी २: नऊच्या नऊ जागा लिहून काढा

निवडक वचने घेऊन चालत नाही. फ्थोराचे नऊ उल्लेख आठ वचनांत आहेत: रोमकरांस ८:२१, १ करिंथकरांस १५:४२ आणि १५:५०, गलतीकरांस ६:८, कलस्सैकरांस २:२२, २ पेत्र १:४, २:१२ (दोनदा) आणि २:१९.

वचनाआधीची आणि नंतरची तीन-तीन वचनेही वाचा. नऊपैकी चार उल्लेख २ पेत्रात आहेत, त्यामुळे ते पत्र एका बैठकीत सलग वाचले तर उत्तम. तीनच अध्याय आहेत.

२ पेत्र २:१२ पाशी एक अडचण येते. काही प्रतींत त्या वचनातल्या क्रियापदाला ५३५१ क्रमांक असतो, काहींत २७०४. हस्तलिखितांत पाठभेद आहे: एका पाठात साधे फ्थेइरो, दुसऱ्यात ‘काता’ हा उपसर्ग लागलेले रूप. अर्थामध्ये मोठा फरक पडत नाही. आपली प्रत चुकली असे समजून खोडाखोड करू नका, दोन्ही क्रमांक नोंदवा.

## पायरी ३: ‘नासते ते काय?’ हा एकच प्रश्न विचारा

तिसरा रकाना भरताना अर्थ लावू नका, फक्त कर्ता किंवा वस्तू लिहा. हे कोरडेपणाने केले की गठ्ठे आपोआप पडतात.

अन्न आणि जनावरे. कलस्सैकरांस २:२१–२२ मध्ये ‘हात लावू नको, चाखू नको, स्पर्श करू नको’ असे नियम येतात आणि पौल म्हणतो की या सगळ्या वस्तू वापराने फ्थोराला जाण्यासाठीच आहेत. म्हणजे भाकरी खाल्ली, ती संपली. इतकेच. यात पाप नाही, न्याय नाही, नरक नाही. उलट, जे पोटात जाऊन संपणारच आहे त्यावर पवित्रतेचे नियम कशाला उभारता, हा त्याचा सवाल आहे. इथे ‘विनाश’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते हे पदार्थ माणसाला विनाशाकडे नेतात. पौलाचा युक्तिवादच उलटा होऊन जातो.

२ पेत्र २:१२ मधला पहिला उल्लेख जनावरांचा: पकडले जाण्यासाठी आणि फ्थोरासाठी जन्मलेली. इथे अर्थ कत्तल, जीव जाणे. त्याच वचनाच्या शेवटी खोट्या शिक्षकांबद्दल म्हटले आहे: ‘एन ते फ्थोरा आउतोन काय फ्थारेसोन्ताय’. नाम आणि क्रियापद एकाच धातूचे, मुद्दाम शेजारी ठेवलेले. त्या जनावरांच्या नासण्यात हेही नासतील. मराठीत पहिल्याला ‘वध’ आणि दुसऱ्याला ‘भ्रष्टता’ म्हटले तर ही जोडणी तुटते. माझ्या मते तळटीप देऊन का होईना, दोन्हीकडे एकाच धातूचा शब्द ठेवावा.

देह आणि सृष्टी. १ करिंथकरांस १५:४२: ‘स्पेइरेताय एन फ्थोरा, एगेइरेताय एन आफ्थार्सिया’. पेरले जाते नासण्याच्या अवस्थेत, उठवले जाते न नासण्याच्या अवस्थेत. पाच वचने आधी, १५:३७ मध्ये, गव्हाचा दाणा आहे. इथे नासतो तो देह, आणि नासणे हा त्याच्यावरचा आरोप नव्हे, ती त्याची स्थिती आहे. १५:५० मध्ये फ्थोरा ‘मांस व रक्त’ यांच्या जोडीने येतो. त्यालाही चटकन ‘पापी स्वभाव’ असा अर्थ चिकटवला जातो. तिथे विषय मरणाधीन देहाचा आहे.

रोमकरांस ८:२१ मध्ये कर्ता आहे सृष्टी. आधीच्या वचनात ती ‘मातायोतेस’ला, म्हणजे व्यर्थतेला, अधीन केली गेली असे येते, ‘स्वखुशीने नव्हे’ या शब्दांसह. डोंगर, झाडे, जनावरे यांनी काही गुन्हा केला म्हणून ती त्या दास्यात नाहीत. म्हणून इथे ‘भ्रष्टता’ बसत नाही, ‘नश्वरता’ बसते.

माणसाचे वागणे आणि त्याचे फळ. उरले गलतीकरांस ६:८, २ पेत्र १:४ आणि २:१९. २ पेत्र १:४ मध्ये फ्थोरा ‘जगात’ आहे आणि ‘वासनेमुळे’ आहे. कारण दिले असल्याने इथे नैतिक अर्थ येतो. २:१९ मध्ये खोटे शिक्षक स्वातंत्र्याचे वचन देतात आणि स्वतः फ्थोराचे दास आहेत.

सावधान: रोमकरांस ८:२१ आणि २ पेत्र २:१९ दोन्हींत ‘फ्थोराचे दास्य’ आहे. शब्द जुळले म्हणून अर्थ जुळवू नका. एका ठिकाणी दास आहे निर्दोष सृष्टी, दुसऱ्या ठिकाणी आपल्या वासनेने बांधलेला माणूस.

## पायरी ४: विरुद्ध बाजूला काय उभे आहे?

चौथा रकाना अर्थाची हद्द ठरवतो. १ करिंथकरांस १५ मध्ये विरुद्ध शब्द आफ्थार्सिया, म्हणून फ्थोरा म्हणजे नाशवंतपणा. गलतीकरांस ६:८ मध्ये विरुद्ध शब्द ‘सार्वकालिक जीवन’, म्हणून तिथे नुसती झीज पुरत नाही. जीवनाला मुकण्यापर्यंत अर्थ जातो. पण चित्र शेतीचेच आहे, हे विसरू नका. देहस्वभावाच्या शेतात पेरणारा त्याच शेतातून कापणी करतो आणि हाती येते नासलेले पीक. ‘नाश मिळेल’ म्हटले की शिक्षा बाहेरून कोसळल्यासारखी वाटते. ग्रीकमध्ये ती पेरलेल्यातूनच उगवते. २ पेत्र १:४ मध्ये विरुद्ध बाजूला ‘दैवी स्वभावाचे भागीदार होणे’ आहे.

इथे मराठी वाचकासाठी खास एक खळगा आहे. ‘नश्वर देह, अविनाशी आत्मा’ ही जोडी आपल्या कानांत इतकी मुरली आहे की १ करिंथकरांस १५ वाचताना ती नकळत आत शिरते. देह नासतो, तो टाकून द्यायचा. आत्मा मुळातच अविनाशी. पौल ती जोडी करत नाही. १५:५३–५४ मध्ये तो चार वेळा ‘तूतो’ म्हणतो, म्हणजे ‘हे’: हे नासणारे न नासणेपण परिधान करील, हे मर्त्य अमरत्व परिधान करील. जे नासते तेच न नासणारे होते. ‘हे’ या सर्वनामाखाली पेन्सिलीने चार रेघा ओढा. आपल्या भाषांतरात चारांपैकी एखादे गळले असेल तर तेही नोंदवा.

त्याच दोन वचनांत आफ्थार्सियाच्या शेजारी आथानासिया, म्हणजे अमरत्व, हा वेगळा शब्द आहे. एक न नासणे, दुसरा न मरणे. दोन्हींना ‘अमरत्व’ म्हणून मोकळे होऊ नका.

## पायरी ५: दियाफ्थोरा वेगळा ठेवा, पण फार लांब नको

सहाही उल्लेख स्तोत्र १६:१० या एका वचनाभोवती फिरतात: ‘तू आपल्या पवित्र पुरुषाला दियाफ्थोरा पाहू देणार नाहीस.’ कृत्ये २ मध्ये पेत्र, १३ मध्ये पौल.

क्रमाने जा. आधी कृत्ये २:२९ वाचा: दाविदाची कबर आजही आपल्यामध्ये आहे. मग १३:३६: दावीद झोपी गेला, पूर्वजांजवळ ठेवला गेला, आणि त्याने दियाफ्थोरा पाहिली. मग १३:३७: ज्याला देवाने उठवले त्याने ती पाहिली नाही. युक्तिवाद देहाच्या कुजण्यावर उभा आहे. इथे ‘कुजणे’च हवे. ‘नाश’, ‘अधोगती’, ‘भ्रष्टता’ यांपैकी काहीही घातले तरी दाविदाच्या कबरीचा मुद्दा निरर्थक होतो.

आता स्तोत्र १६:१० आपल्या जुन्या करारात काढा. तिथे काही भाषांतरांत ‘कुजणे’ नसून खड्डा किंवा कबर अशा अर्थाचा शब्द दिसेल. भाषांतरकार चुकला असे ठरवू नका. जुन्या कराराच्या मूळ इब्री भाषेतला शब्द आहे ‘शाहथ’. त्याचा संबंध खचण्याच्या धातूशी लावला तर तो खड्डा होतो, नासण्याच्या धातूशी लावला तर कुजणे. सेप्टुअजिंटने दुसरी वाट घेतली आणि कृत्यांत त्याच ग्रीक वचनाचा आधार आहे.

तपासा: सेप्टुअजिंटमध्ये स्तोत्र १६ शोधूनही वचन सापडत नसेल तर १५ उघडा. ग्रीक स्तोत्रांचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी एकाने मागे आहेत. १०३ पाहायचे तर १०२.

आणि ते १०३:४ पाहाच. ‘तो तुझा जीव शाहथातून सोडवतो’ याचे ग्रीक ‘एक फ्थोरास’. इब्री शब्द तोच, पण इथे उपसर्गाविना फ्थोरा. ‘दिया म्हणजे आरपार, म्हणून दियाफ्थोरा म्हणजे संपूर्ण आत्मिक कुजणे’ हा आवडता युक्तिवाद इथेच गळून पडतो. उपसर्गाने जोर येऊ शकतो, पण नवा सिद्धांत त्याच्यावर रचता येत नाही.

## पायरी ६: क्रियापदांवरून ताडून पाहा

नामाने गोंधळात टाकले तर क्रियापद मदतीला येते, कारण तिथे कोण कोणाला नासवतो ते उघड दिसते.

लूक १२:३३ मध्ये कसर कपडा दियाफ्थेइरो करते. ट्रंकेतल्या लुगड्याची घडी उलगडावी आणि हाताला भोके लागावीत, ते हे. २ करिंथकरांस ४:१६ मध्ये बाहेरचा मनुष्य दियाफ्थेइरो होतो आणि आतला रोज नवा होतो. मराठीत इथे ‘झिजतो’ सर्वांत चपखल. १ तीमथ्य ६:५ मध्ये हेच क्रियापद माणसांच्या बुद्धीला लागले आहे: बुद्धी नासलेली. १ करिंथकरांस १५:३३ मध्ये वाईट संगत चांगल्या सवयी नासवते.

१ करिंथकरांस ३:१७ जरा थांबून वाचण्यासारखे आहे. देवाचे मंदिर जो नासवतो त्याला देव नासवील. ग्रीकमध्ये ‘फ्थेइरेइ’ आणि ‘फ्थेरेइ’: पहिला वर्तमानकाळ, दुसरा भविष्यकाळ, मधल्या एका अक्षराचा फरक. अपराध आणि प्रतिफळ एकाच क्रियापदात. प्रकटीकरण ११:१८ मध्येही तसेच: पृथ्वीला नासवणाऱ्यांना नासवण्याची वेळ. मराठीत एकदा ‘भ्रष्ट करणे’ आणि एकदा ‘नाश करणे’ असे दोन शब्द आले की हा तोल जातो.

जुन्या करारातून तीन जागा पुरेत. उत्पत्ती ६:११ मध्ये जलप्रलयाआधी पृथ्वी फ्थेइरो झाली, पुढे लगेच जुलमाचा उल्लेख: नैतिक बिघाड. यशया २४:३ मध्ये पृथ्वी ‘फ्थोराने नासेल’: उजाड होणे. आणि निर्गम १८:१८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला म्हणतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलास तर तू आणि लोक फ्थोराने झिजून जाल. तिथे ना पाप, ना मरण. थकवा.

## पायरी ७: आता मराठी शब्द लिहा

पाचवा रकाना भरायची वेळ आली. मराठीत या क्षेत्रात शब्दांची चंगळ आहे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. दूध नासते. भाजी विटते. पालापाचोळा आणि मढे कुजते. फळ सडते. धान्य किडते. वहाण झिजते. ‘नासणे’ हे एकटे क्रियापद वस्तूलाही लागते आणि माणसालाही: दूध नासले, पोर नासले. फ्थेइरोची दुहेरी धाव त्याच्यात जशीच्या तशी आहे. त्यातून ‘नासाडी’, ‘नासका’, ‘नासवणे’ ही रूपेही मिळतात. याउलट ‘नाश’ बोलीत संपूर्ण संपण्याकडे झुकतो. नासलेले दूध पातेल्यात असतेच, फक्त ते दूध म्हणून उरलेले नसते. फ्थोरा बहुतेकदा पातेल्यातल्या त्या दुधाविषयी बोलतो.

माझी निवड अशी:

- कृत्ये २ आणि १३: कुजणे
- रोमकरांस ८:२१: नश्वरता
- १ करिंथकरांस १५: नाशवंतपणा, विरुद्ध अविनाशीपणा
- कलस्सैकरांस २:२२: वापरून संपणे
- गलतीकरांस ६:८: नासाडी
- २ पेत्र १:४ आणि २:१९: भ्रष्टता, पण पहिल्यांदा वापरताना ‘आतून नासणे’ असा खुलासा जोडून
- २ पेत्र २:१२: नासणे, दोन्हीकडे

‘भ्रष्टाचार’ यादीत कुठेच नाही. खात्री करायची असेल तर नव्या करारात जिथे खरोखर पैसे चारण्याची गोष्ट आहे तिथले ग्रीक पाहा. कृत्ये २४:२६ मध्ये फेलिक्स सुभेदार पौलाकडून पैशांची आशा धरतो: शब्द ‘ख्रेमाता’. मत्तय २८:१२ मध्ये पहारेकऱ्यांना गप्प बसवायला दिले ते ‘आर्गिरिया’, चांदीची नाणी. अनुवाद १६:१९ मधली डोळे आंधळे करणारी लाच ग्रीकमध्ये ‘दोरोन’, भेट. फ्थोरा यांपैकी कुठेही नाही.

## पायरी ८: बोलण्याआधी तीन कसोट्या

अदलाबदल. वचनात निवडलेला मराठी शब्द ठेवून मागची-पुढची तीन वचने मोठ्याने वाचा. युक्तिवाद अडखळला तर शब्द चुकला.

ओझे. शब्दकोशात फ्थोरापुढे पाच-सहा अर्थ दिलेले असतात. ते सगळे एकाच वचनात कोंबू नका. ‘इथे फ्थोरा म्हणजे कुजणे, नैतिक अधःपात, मृत्यू आणि सार्वकालिक नाश’ असे वाक्य टिपणात सापडले तर तिसऱ्या पायरीवर परत जा. शब्दकोशातली यादी निरनिराळ्या वचनांतल्या अर्थांची असते.

ग्रीक न उच्चारता. प्रवचनातून ‘फ्थोरा’ हा शब्द काढून टाका आणि मुद्दा मराठी वचनावरून दाखवता येतो का ते पाहा. कलस्सैकरांस २:२२ मधली भाकरी, कृत्ये १३ मधली दाविदाची कबर, १ करिंथकरांस १५ मधला दाणा लोकांच्या हातातल्या पुस्तकातही आहेत. मुद्दा तिथे दाखवता येत नसेल तर क्रमांक पुन्हा तपासा. बहुतेक वेळा आपोलेइयाचे वचन फ्थोराच्या पानावर आलेले निघते.